अंगणातलं बंदर

बाबा, तुमचं बंदर मी पाहून आले. अंगणातलं नव्हे, खरं. ज्याच्याविषयी तुम्ही जन्मभर बोललात आणि जिथे एकदाही गेला नाहीत, ते अंदमानातलं पोर्ट ब्लेअर. सरकारनं त्याचं नाव आता बदललंय, पण तिथले टॅक्सीवाले अजून जुनंच घेतात. आमच्या हुडकेश्वरच्या ज्येष्ठ नागरिकांची सहल गेली होती, चिवड्याचे डबे आणि गुडघ्यांचे पट्टे घेऊन. तुम्ही सांगायचात, नागपूरहून कलकत्ता, तिथून बोट, आणि बोटीवर चार दिवस नुसत्या उलट्या. आम्ही पहाटे विमानात बसलो आणि दुपारचं जेवण तिथे जेवलो. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की भिंतीवरच्या फोटोतला माणूस आता माझ्याहून लहान दिसतो. तुम्हाला पत्र लिहावं असं आजवर कधी वाटलं नव्हतं. पण परत आल्यावर आईनं मला जे सांगितलं ते कुणाजवळ तरी बोलायला हवं, आणि ऐकताना मध्येच हात उगारणार नाही असा श्रोता म्हणून आता तुम्ही बरे.

दिवाळीत इतरांची पोरं अंगणात किल्ला करायची. धरमपेठेतल्या आपल्या भाड्याच्या घरामागे मात्र बंदर व्हायचं. तुम्ही शाळेत इतिहास-भूगोल शिकवायचात, आणि तेही अशा गावात, जिथून दोन्हीकडचे समुद्र सारखेच लांब. मुंबईलासुद्धा तुम्ही कधी गेला नव्हतात. दसरा झाला की वीटभट्टीवरून पिवळी माती यायची, कारण आपली काळी माती वाळली की भेगाळते आणि डोंगर दुभंगतात. खड्डा खणून त्यात जुनी ताडपत्री, तिच्यावर पाणी, पाण्यात नीळ. बंदराच्या तोंडाशी बाटलीला बूच बसावं तसं रॉस बेट, त्याच्यावर साहेबांचे बंगले आणि चर्च. आत डावीकडे लाकडाच्या गिरणीचं चॅथम, त्याच्याही आत फाशीघराचं व्हायपर. उन्हाळ्यातल्या वाळ्याच्या ताट्या सोडवून झोपड्यांना छपरं, डोंगरावर मोहरी पेरून जंगल. तुरुंगाला शाळेतले खडूंचे रिकामे खोके, मधोमध पावडरचा डबा मनोरा म्हणून, आणि त्याच्यापासून फुटणाऱ्या सात ओळी. किल्ल्यासाठी मिळणाऱ्या मावळ्यांना खाकी रंग दिला की झाले पहारेकरी. मी माती मळायची, तुम्ही आकार द्यायचात. मला ते बंदर फार आवडायचं, बाबा. तुमच्या हातांना तेवढे दिवस दुसरं काम असायचं, हे त्याचं एक कारण. पण नुसतं तेवढंच नाही. तुम्ही ते सुंदर करायचात.

पाडव्याच्या सकाळी आळीतले लोक फराळाला आणि बंदर पाहायला यायचे. तुम्ही हातात रूळ घेऊन उभे. नकाशा दाखवायचा, मुलांना मारायचा आणि आईला मारायचा रूळ एकच होता, काळ्या शिसवीचा, दोन्ही टोकांना पितळ. त्याच्या टोकानं तुम्ही एकेक जागा दाखवायचात आणि अंगणात रक्त सांडायला लागायचं. इथे सत्तावनच्या बंडातले कैदी उतरले, त्यांनी जंगल तोडलं, निम्मे तापानं मेले, काही बेटावरच्या लोकांच्या बाणांनी. जे पळाले त्यांना धरून आणलं आणि एकाच दिवशी रांगेनं फासावर दिलं. या धक्क्यावर संध्याकाळी खुद्द व्हाइसरॉयच्या पाठीत एका कैद्यानं सुरा घातला. इथे कोलू, बैलाच्या जागी माणूस जुंपून तेल काढायचा. इथे तिकाटणं, त्याला बांधून फटके. मग जपानी आले, त्यांनी जे पूर्वी फटके मारायचे त्यांना फटके मारले, आणि जे खात होते त्यांनाही मारले, आणि शेवटी लोकांना होड्यांत भरून भर समुद्रात ढकलून दिलं. पाऊस दोन्ही मोसमांचा, मोठी नदी एकही नाही, चहूकडे पाणी आणि प्यायला पावसाचंच. तुम्ही सांगायला लागलात की कुणी पापणी हलवायचं नाही. माणसं म्हणायची, ‘मास्तर, या साली तं लयच जमलं.’ तुम्ही लाजायचात. खरंच लाजायचात.

शाळेत तुमच्या माराचं कौतुक होतं. बाप लोक स्वतः पोराला आणून सोडायचे आणि म्हणायचे, हाडं आमची, चामडी तुमची. घरी आणून सोडायला कुणी लागत नव्हतं. भाजीत मीठ जास्त, मीठ कमी, धोबी आला नाही, पाहुण्यांसमोर हसली, पाहुण्यांसमोर हसली नाही. पुढे सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात मी नोकरी केली, तिथे बायका यायच्या, बाई, पडले म्हणायच्या. पडलेल्या माणसाला गुडघ्याला, कोपराला, तळहाताला लागतं. मानेमागे, बरगड्यांच्या खाली आणि दंडाच्या आतल्या बाजूला लागत नाही. हे मला नर्सिंगच्या शाळेत शिकवावं लागलं नाही. आईच्या दंडावर पितळी टोकाचे गोल वळ असायचे, जुने पिवळे, नवे निळे. ती बाही ओढून घ्यायची आणि आम्ही दोघी चकल्या पाडायला बसायचो.

आणि गंमत अशी की तुम्ही आईशी लग्न केलंत ते या बंदरासाठीच. तिचे वडील जंगलखात्यात कारकून होते, त्यांची बदली तिकडे झाली होती, आणि ती पोर असताना तिथे राहिली होती. समुद्र पाहिलेली मुलगी धरमपेठेच्या बाजारात सहजी मिळत नव्हती. लढाईत बायका-पोरांना बोटीनं परत पाठवलं, तिचे वडील मागे राहिले आणि जपानी गेल्यावर परतले ते बोटांना नखं नसलेले. लग्नानंतर पहिल्याच भेटीत तुम्ही त्यांना विचारलंत, नेमकं कसं काढतात? म्हाताऱ्यानं दोन्ही हात धोतराच्या सोग्यात घातले आणि जेवण झाल्याशिवाय बाहेर काढले नाहीत. हे तुम्हीच सांगायचात, व्याख्यानात, ‘माझ्या सासऱ्यांची नखं’ म्हणून. आईला मात्र काही विचारलंत की तिचं उत्तर तुम्हाला आवडायचं नाही. तिला आठवायचा तो ओल्या लाकडाचा वास. तिला आठवायचे शेजारचे म्हातारे, सुटलेले जन्मठेपवाले, कुणी भाऊ मारून आलेला, कुणी सावकार, जे तिला शहाळं फोडून द्यायचे आणि तिच्या वेण्या घालायचे. तुमच्या बंदरात असल्या खुन्यांना जागा नव्हती. तुम्ही म्हणायचात, तुला काय कळतं, तू लहान होतीस.

त्या पाडव्याची गोष्ट सांगते. मी सहावी-सातवीत असेन. त्या वर्षी तुम्ही बायकांचा तुरुंग नव्यानं केला होता. त्याच्या अंगणात किल्ल्याच्या बाजारातल्या मातीच्या गवळणी रांगेनं उभ्या केल्या होत्या, डोक्यावरचे माठ खरवडून. तुम्ही सांगत होतात की तिकडे बायका कमी, म्हणून चांगल्या वागणाऱ्या कैद्यांना लग्नाची परवानगी मिळायची. मग या बायकांना अशा रांगेत उभं करायचे आणि पुरुष येऊन निवडायचे. आणि या बाया कोण, तर बहुतेक नवरे मारून आलेल्या. कुणी धोत्रा घालून, कुणी सोमल घालून. मग तुम्ही रूळ त्या रांगेवरून फिरवलात आणि म्हणालात, अशीच्या हातचं रोज जेवायचं म्हणजे छाती पाहिजे राजेहो. सगळे हसले. आई अनारशांचं ताट घेऊन मागे उभी होती. ती हळूच म्हणाली, तो तुरुंग या अंगाला नव्हता, पाण्याच्या त्या अंगाला होता. कुणीतरी म्हणालं, बघा मास्तर, घरातूनच चूक निघाली. पुन्हा सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुमचं ते हसणं मला ओळखता येत होतं.

शेवटचा पाहुणा गेला, फाटकाची कडी वाजली, आणि तुम्ही स्वयंपाकघरात आलात. ‘तू काहून बोलून राहिली होती मधात?’ एवढंच विचारलंत. तिनं उत्तर दिलं असतं तरी आणि नसतं तरी फरक पडणार नव्हता. पहिला रूळ खांद्यावर बसला. दुसरा पाठीत. तिसरा तिनं उजवा हात आडवा धरला म्हणून मनगटावर बसला, आणि ओली काटकी मोडावी तसा आवाज आला. ती भिंतीला पाठ घासत खाली बसली. मी दारात होते. तुम्ही मला पाहिलंत आणि चौथ्यासाठी हात वर नेलात. तेव्हा आई बोलली. रडली नाही, ओरडली नाही, किराणा सांगावा तशा आवाजात बोलली.

‘माह्या आजीनं माह्या आज्याले मुसळानं मारलं. झोपेत. डोक्यात घातलं तिनं. म्हणून धाडलं तिले तिकडं. माहे वडील बदलीवर नव्हते गेले, तिच्या पोटात होते ते, तिथंच झाले. तुमाले लग्नात खोटं सांगितलं. त्या रांगेत बाया मांडल्या नं तुम्ही, त्यातली एक माही आजी होय.’ मग जरा दम घेऊन ती म्हणाली, ‘मारलं त्या दिवशी तिनं त्याले पोटभर जेऊ घातलं होतं. गरम भाकर वाढली होती. त्याले काहीच समजलं नाही.’

रूळ वरच राहिला. मग हळूहळू खाली आला, आपला आपणच. तुम्ही तिच्याकडे पाहत होतात, आणि तुमच्या तोंडावर जे आलं ते मी त्याआधी फक्त तुमच्या विद्यार्थ्यांच्या तोंडावर पाहिलं होतं. तुम्ही शिकलेला माणूस. तुम्हाला ठाऊक होतं की असल्या कैद्यांची पोरं तिकडे शिकली, कारकून झाली. तुमचं ज्ञानच तिच्या बाजूनं साक्षीला उभं राहिलं. सासरे तोवर वारले होते आणि दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं तर अब्रू तुमचीच. तुम्ही मला म्हणालात, दार लाव. आणि बाहेर जाऊन बंदराजवळ उभे राहिलात.

संध्याकाळी पाडव्याचं औक्षण झालंच. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधून दिलेला उजवा हात गळ्यात, आणि आईनं तुम्हाला डाव्या हातानं ओवाळलं. डाव्या हातानं कुंकू लावलं. तुम्ही पाटावर डोळे न मिटता बसलात. मग शेजारणीच्या मदतीनं केलेलं जेवण आलं. तुम्ही ताटाकडे पाहिलंत, मग मला जवळ बोलावलंत, एक घास मोडून माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘मीठ बघ गं जरा.’

त्या दिवसापासून तुम्ही आईला बोट लावलं नाहीत. जे देवाला, तिच्या उपासांना, माझ्या रडण्याला जमलं नव्हतं ते एका मेलेल्या पणजीनं एका दुपारी केलं. घरातून मुसळ गेलं. मग वरवंटा गेला, मग खलबत्ता. आई चटणी वाटायला शेजारी जायची, आणि लोक बोलायला लागले तेव्हा तुम्ही मिक्सर घेऊन आलात. आळीतला पहिला मिक्सर. बायका म्हणायच्या, मास्तर कित्ती करतात हिच्यासाठी. तुम्ही पुढच्या खोलीत आतून कडी लावून झोपू लागलात. बंदर दर दिवाळीला होतच राहिलं, फाशीघरासकट, पण बायकांचा तुरुंग पुन्हा झाला नाही.

आणि मी मीठ बघत राहिले. लग्न होऊन जाईपर्यंत, रोज, दोन्ही वेळा. सुरुवातीला मला वाटायचं, बाबा पहिला घास मला देतात. मग एकदा तुम्ही मला घास देऊन भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत बसलात आणि मला समजलं. तुम्ही वाट बघत होतात. मी मरते का, हे बघत होतात. मी घास तोंडात घालताना डोळे मिटायला लागले. मला आई आवडायची आणि मी तिच्या हातच्या वरणाला भ्यायची, आणि दोन्ही एकाच घासात गिळावं लागायचं. तुम्ही आजारी पडलात तेव्हा मी नर्स होते. शेवटच्या आठवड्यात आई दवाखान्यात पेज घेऊन आली. तुम्हाला बोलता येत नव्हतं, छाती नुसती वर-खाली होत होती, पण तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. मी एप्रनमध्येच चमचाभर पेज तोंडात घातली. तुम्ही थांबलात. मग तोंड उघडलंत. मारामुळे नाही, बाबा, मला तुमचा राग यामुळे येतो. मार तुम्ही रागात द्यायचात. हे तुम्ही विचार करून करायचात.

पण पणजी माझ्या कामी आली. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हा माझ्या नवऱ्यानं एकदा हात उगारला. माणूस वाईट नाही, बापाचं पाहिलेलं होतं. मी त्याला वाढता वाढता पणजीची गोष्ट सांगितली. कुठलं बेट, कुठला तुरुंग, कुठलं मुसळ, सगळं, तुमच्यासारखं रंगवून. त्यानं ताटाकडे पाहिलं आणि हात खाली घेतला, तो आजतागायत खालीच आहे. पुढे दवाखान्यात, पडले म्हणणाऱ्या बायकांना मलमपट्टी करताना मी तीच गोष्ट सांगायची. काही हसायच्या, काही कानावर हात ठेवायच्या. काही मात्र टाके घालून झाले की जाताना विचारायच्या, मुसळ म्हणता का सिस्टर? मी बंदुका वाटत फिरत नव्हते. मी फक्त सांगत होते की एक बाई अशी होऊन गेली आणि तिचं रक्त माझ्यात आहे. मला त्याचा ताठा होता.

म्हणून गेले तिकडे. आई आता नव्वदीला टेकलीय, अंथरुणावरच असते, माझ्याकडेच. जाताना म्हणाली, कायले जातं, काय ठेवलं तिथं. मी ऐकलं नाही. सगळे आरसे महालात शिरल्यासारखे फोटो काढत होते आणि मी धक्क्यावर उभी राहून तुमचं अंगण ओळखत होते. बंदराच्या तोंडाशी रॉस, आत चॅथम, त्याच्याही आत व्हायपर, उत्तरेला डोंगर, सगळं जागच्या जागी. नखाएवढी चूक नव्हती तुमची. तुरुंगाच्या सात ओळींपैकी आता तीनच उरल्यात. वास मात्र तुमच्याकडे नव्हता, तो आईकडे होता, ओल्या लाकडाचा, गिरणीच्या बाजूनं येणारा. बायकांचा तुरुंग कुठे होता म्हणून मी एका म्हाताऱ्या टॅक्सीवाल्याला विचारलं. त्यानं नेलं. पाण्याच्या त्या अंगालाच होता, आई म्हणाली तिथे. मी नागपूरहून खण-नारळ नेला होता. दगडांवरून खाली उतरले, तांदूळ, खण, हळकुंड, नारळ, सगळं पाण्यात सोडलं आणि पणजीची ओटी भरली. टॅक्सीवाला लांब, पाठ फिरवून उभा राहिला, शहाणा माणूस. मी रडले. मला वाटलं, आमच्या घराण्यातल्या एका तरी बाईची ओटी तिनं काही केलं म्हणून भरली जातेय.

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, तिला बरं वाटेल. ती छताकडे पाहत म्हणाली, ‘कोणाची ओटी भरली वं तू तिकडे? माही आजी तं काटोललेच मेली.’

तिनं सांगितलं ते असं, बाबा. तिचे वडील खरोखरच कारकून होते आणि खरोखरच बदलीवर गेले होते. तुम्हाला लग्नात कुणी फसवलं नव्हतं. बोटीनं परत पाठवल्यावर आई काटोलला आज्याच्या घरी राहिली. तिची आजी तिच्या जन्माआधीच गेली होती. भाकर थंड होती म्हणून आज्यानं मुसळ घेतलं आणि तिच्या डोक्यात घातलं. चुलीपाशीच मेली. दुपारच्या आत जाळून टाकलं, विहिरीत पडली म्हणून सांगितलं, आणि वर्ष सरायच्या आत दुसरी करून आणली. त्या दुसरीनंच आईला हे सांगितलं, पीठ मळता मळता, सांभाळून राहा म्हणून. सगळ्या गावाला ठाऊक होतं. कुणी फौजदाराकडे गेलं नाही. आणि आई कुठून आली होती? एक खून केला म्हणून माणसांना समुद्रापार नेऊन टाकतात, त्या गावातून. तिला ते म्हातारे आठवत होते, जन्म गेला त्यांचा तिकडे. आणि इथे एक जण संत्र्याच्या बागेचा मालक म्हणून ओसरीवर चहा पीत बसलेला.

‘मीच नेऊन देवो त्याले चहा,’ आई म्हणाली. ‘अन् मनात म्हणो, याले काहून नाही धाडलं कोणी तिकडं. लय जगला तो. लोकं पाया पडत त्याच्या.’

मी विचारलं, मग त्या दिवशी बाबांना तसं का सांगितलंस? ती म्हणाली, तुम्ही रूळ उचललेला होता आणि हात तर मोडलेलाच होता. ‘त्या येळी मले कोणीतरी पायजे होतं माह्या मागं उभं राहाले. कोणीच नव्हतं. तं आजीले उभी केली. मुसळ तेच ठेवलं, फक्त हात बदलवला.’

मी चिडले. दोन दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिला औषधं दिली, कूस बदलून दिली, पण बोलले नाही. मग विचारलंच, मला का नाही सांगितलंस? मी रोज मरायच्या तयारीनं तुझं वरण खात होते. तिनं डोळे मिटले. म्हणाली, सांगितलं असतं तर तू बापाजवळ बोलली असतीस. तू बापाची लेक होतीस, माती तूच मळायचीस. तिचं खोटं नव्हतं, बाबा. मी बोलले असते. तुम्ही नुसतं लाजून हसला असतात तरी मी सगळं सांगून टाकलं असतं. म्हणजे तिनं तुम्हाला भीती घातली आणि मलाही घातली, कारण दोघांत फरक करायची तिला सोय नव्हती. हे मला पटलं. माफ झालं का, ते अजून समजलेलं नाही.

आणि आता माझ्याजवळ कोणती पणजी उरली? जिनं मारलं ती नाही, जी मेली ती. माझ्या नवऱ्याचा हात ज्या बाईनं खाली आणला ती कधी नव्हतीच. इतक्या बायकांना मी जिच्या जोरावर घरी पाठवलं, ती चुलीपाशी डोकं फुटून पडली होती आणि तिची ओटीसुद्धा कुणी भरली नव्हती. दोन रात्री मला झोप आली नाही. खून खोटा निघाल्याचं दुःख होणारी बाई म्हणजे तुमचीच लेक म्हणायची.

काल आमच्याकडे पोळ्या करायला येते ती पोरगी गाल सुजवून आली. नुकतंच लग्न झालेलं, विशी नसेल. बाई, पडले म्हणाली. मी बर्फ दिला, कानाच्या मागे पाहिलं, बोटं उठलेली होती. तुझ्या आईकडे जाशील का, पोलिसात जाऊ का, मी येते, असं सगळं विचारलं. ती मान हलवत राहिली. मग मी तिला पणजीची गोष्ट सांगितली. नेहमी सांगते तशीच, बोट, बंदर, बायकांची रांग, पणजीच्या हातात मुसळ. माझा आवाज कुठेही अडखळला नाही. ती पोळी लाटायची थांबली होती. आतून आईचा आवाज आला, ‘तिकडे दुसरा नवरा नाही केला म्हणा तिनं. लय जण आले रांगेत, एकाकडेही नाही पाहिलं. नारळाचं दुकान टाकलं होतं तिनं बंदरावर, हेही सांग.’ पोरीनं विचारलं, खरंच? आई म्हणाली, मी स्वतः पाहिलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही. तुमच्या श्राद्धाला पिंडाशेजारी ठेवावं असं मनात आलं होतं, पण मग कावळा शिवला नसता आणि आम्ही ताटकळत बसलो असतो. एकच सांगायचं राहिलं. ही गोष्ट मी इतक्या जणींना सांगितली, पण पणजी कशी दिसायची ते मला माहीत नव्हतं, म्हणून दर वेळी तिचा चेहरा मी वेगळा धरते. खाटेवर झोपलेल्या माणसाचा चेहरा मात्र पहिल्यापासून एकच आहे. तो तुमचा आहे, बाबा. गोष्ट खोटी निघाल्यावरही मला तो बदलता आला नाही, आणि खरं सांगायचं तर मी फारसा प्रयत्नही केला नाही.